शुद्ध व घरगुती

तुळसाबाईचा फोन आला तेव्हा रुपाली हळदीच्या पुड्यांवर स्टिकर चिकटवत बसली होती. हिरवा, गोल, वाटीच्या तोंडाएवढा स्टिकर. मधोमध 'रमाई महिला बचत गट, सावरडोह', त्याखाली 'शुद्ध व घरगुती', आणि अगदी खाली अध्यक्ष म्हणून तिचं नाव आणि मोबाइल नंबर. यवतमाळच्या प्रदर्शनात माल मांडायचा म्हणून गटाने मोठ्या हौसेने ढीगभर छापून घेतले होते. हळद काही ढीगभर खपली नाही. स्टिकर तेवढे घरात उरले, आणि घरात उरलेली वस्तू बाई फेकत नाही, कुठे ना कुठे वापरतेच.

"रुपाले, वावरात ये," तुळसाबाई म्हणाली.

"काय झालं व मावशी?"

"फोनवर सांगासारखं असतं तं सांगतलं नसतं का? ये म्हणतो तं ये."

फोन बंद झाला. रुपालीने हातातला स्टिकर पुडीवर तिरपाच दाबला आणि पायात चपला सरकवल्या. गेले काही दिवस कुणाचाही फोन आला की पेरणीचंच काहीतरी असेल, असं तिला वाटायचं.

या मुलखात चोरबीटी हा शब्द पोरंसोरंही जाणतात. कापसाचं असं बियाणं, की उगवलेल्या पऱ्हाटीवर तणनाशक मारलं तर गवत जळतं आणि पऱ्हाटी तशीच उभी राहते. सरकारने त्याला परवानगी दिलेली नाही, म्हणून ते दुकानाच्या फळीवर दिसत नाही. फळीवर दिसत नाही म्हणून फळीखालून मिळतं. पाकिटावर नाव नाही, गाव नाही, लॉट नंबर नाही, आणि बिल मागाल तर विकणारा हसतो. दर वर्षी पेरणीच्या तोंडावर पथक येतं, कुण्या फटफटीवाल्याला दोन पिशव्यांसकट धरतं, पेपरात फोटो येतो. दुसऱ्या दिवशी त्याच पाकिटाचा भाव चढतो. "छापा पडला का वहिनी, मंग माल टाइट होते," असं सुनील दात काढून सांगायचा. फाट्यावर त्याचं कृषी केंद्र होतं, लायसनचं, काचेच्या दाराचं. दारात कृषी खात्याच्या साहेबांची गाडी उभी दिसली की लोक समजायचे, आज तपासणी आहे. आणि तपासणी झाली की समजायचे, आता माल मागायला हरकत नाही. साहेबांचं चहापाणी, वरच्यांचा वाटा, रस्त्यातल्यांचा वाटा, सगळं त्या पाकिटाच्या भावातच धरलेलं असायचं. लोकांनी ते तिकिटातल्या टोलासारखं मनाशी मान्य करून टाकलं होतं.

गटाच्या बायका कालपरवापर्यंत दुसऱ्यांच्या वावरात निंदायला जात. चोरबीटी आली, निंदणाचं काम एका माणसाच्या पाठीवरचा पंप उरकू लागला, आणि बायकांची मजुरी गेली. मग त्यांनी स्वतःच थोडंथोडं वावर मक्त्याने धरलं. धरल्यावर त्यांनाही तेच बियाणं हवं झालं, कारण आता निंदणाची मजुरी त्यांना द्यावी लागणार होती. यात हसण्यासारखं काही आहे हे त्यांनाही कळत होतं, आणि त्या पोटभर हसल्याही. हसून झाल्यावर रुपालीला म्हणाल्या, तूच आण, तू पाहून आणशील.

रुपालीने पाहूनच आणलं होतं. आधी मूठभर दाणे मागून घेतले, ओल्या गोणपाटात गुंडाळून चुलीमागे ठेवले, आणि दाण्यागणिक मोड दिसला तेव्हाच पोतं उचललं. आतली पाकिटं कोरी, पारदर्शक. घरच्या दुसऱ्या बियाण्यात ती मिसळू नयेत, कुणाचं कुणाकडे जाऊ नये, म्हणून एका दुपारी बसून तिने प्रत्येकावर हिरवा स्टिकर लावला. शुद्ध व घरगुती. बायकांना फार आवडलं. "आता कसं कंपनीवानी दिसते," असं तुळसाबाईच म्हणाली होती.

तुळसाबाई धुऱ्यावर, वावराच्या बांधावर, उभी होती, पदर कमरेला खोचलेला. गटातली सगळ्यात मोठी आणि सगळ्यात उतावळी बाई. मुलगा नागपूरला ट्रक चालवायचा, वावर ही एकटी पाहायची, आणि गावात कुठलीही गोष्ट तिच्या आधी कुणी केली तर तिला जेवण जात नसे. तिचं रान बरडाचं, मुरमाड, कितीही झड लागली तरी पाणी थांबत नाही. बाकीच्यांची काळी जमीन चिखलात रुतलेली असताना हिने मधल्या एका उघाडीत तणनाशक मारून घेतलं होतं आणि गावभर सांगितलंही होतं.

"पाह्य," ती म्हणाली.

रुपालीने पाहिलं. गवत पिवळं पडलं होतं. ते पडायलाच हवं होतं. पण पऱ्हाटीही त्याच रंगाची झाली होती. शेंड्याची कोवळी पानं आक्रसून आत वळली होती, आणि ते एका कोपऱ्यात नव्हतं, या धुऱ्यापासून त्या धुऱ्यापर्यंत होतं.

"पाणी लागलं असंल मावशी," ती म्हणाली. "झडीनं पडते पिवळं कधी कधी."

"बरडाले कोणतं पाणी लागते व?"

"मंग औषधाचं माप..."

"माप मले शिकवतं?" तुळसाबाईने तिचं मनगट धरलं. "इकडं ये."

विहिरीजवळ तिने घरापुरती भेंडी आणि चवळी लावली होती. भाजी मरू नये म्हणून फवारणीच्या दिवशी तिच्यावर जुना बारदाना अंथरला होता. तासाच्या, म्हणजे पेरणीच्या ओळीच्या, टोकाची पऱ्हाटीची पाच-सात झाडंही त्या बारदान्याखाली आली होती. ती झाडं आता गुडघ्याएवढी, हिरवीगार, वाऱ्यावर डुलत होती. त्यांच्या पुढे वीतभरावर पिवळं रान सुरू होत होतं.

"एकच माती, एकच पाणी, एकच बी," तुळसाबाई म्हणाली. "बारदान्याखालचं जगलं. बाहीरचं गेलं."

रुपाली त्या झाडांपाशीच खाली बसली. आता समजायला काही उरलं नव्हतं. पाकिटात चोरबीटी नव्हतीच; साधी सरकी होती, चोरट्या मालाच्या भावाने विकलेली. चोरीच्या मालातही चोरी झाली होती. बी उगवेल एवढं गोणपाटाने सांगितलं होतं. विष सोसेल की नाही ते गोणपाट कुठून सांगणार? एका कुंडीत एक दाणा लावून, त्या रोपावर एक थेंब टाकून पाहिला असता तर सगळं कळलं असतं. तेवढं एक तिला सुचलं नव्हतं. तिला इतकी लाज वाटली की तुळसाबाईच्या तोंडाकडे वर पाहवेना.

तुळसाबाई ओरडली असती तर बरं झालं असतं. ती ओरडली नाही. "मायं तं गेलं," ती म्हणाली. "पण उद्या साऱ्याइचे पंप हायेत."

आज सकाळपासून आभाळ मोकळं झालं होतं. इतके दिवस उघाडीची वाट पाहत बसलेल्या लोकांनी पंप सांगून ठेवले होते, औषधाचे डबे आणून ठेवले होते. उद्या सकाळी ऊन चढायच्या आत सगळं गाव आपापल्या पऱ्हाटीवर विष मारणार होतं, आणि तिने आणलेल्या बियाण्याच्या भरवशावर मारणार होतं.

ती उठली आणि चालायला लागली. चालता चालताच तिने सुनीलला फोन लावला.

"बोला वहिनी! हळद पाठवून राह्यल्या का आमच्यासाठी?"

"सुनीलभाऊ, बियाणं साधं निघालं. तुळसाबाईची पऱ्हाटी जळून राह्यली."

"पाणी लागलं असंल."

हेच वाक्य घटकाभरापूर्वी तिने स्वतः म्हटलं होतं. त्याच्या तोंडून ऐकताच तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "पाणी नाई लागलं. मी डोयानं पाहून आली. तुमी काय देल्लं ते तुमाले मालूम हाय."

मग सुनीलचा आवाज खाली आला. "हे पाहा, मले जसं वरून आलं तसं मी देल्लं. मी वर कोणाले इचारू? मले कोणतं बिल भेटते? इतक्या जणाइचं वाटून झाल्यावर त्या पाकिटात चांगला माल कुठून राहीन, तुमीच सांगा. अन् मी देल्लं म्हणाले तुमच्यापाशी काय हाय? पाकिटावर नाव कोणाचं हाय?"

रुपाली रस्त्याच्या मधोमध थांबली.

"नाव तं तुमचंच हाय," तो म्हणाला. "नंबरासकट." आणि घरच्या माणसासारखा कळवळून पुढे म्हणाला, "चुप राहा वहिनी. एक साल गेलं समजा. बोंबलसान तं तुमीच फससान."

घरी तिचा नवरा धम्मरत्न ऑटो धूत होता. बोरी अरबच्या बाजाराहून तो नुकताच आला होता. तिने उभ्या उभ्याच सगळं सांगितलं. त्याने ओलं फडकं पिळलं, पुन्हा पिळलं.

"गटातल्या बायाइले घरोघरी जाऊन हळूच सांग," तो म्हणाला. "गवगवा कायले करतं? गोष्ट घरातल्या घरात राहीन."

तिलाही ते पटलं. चहासुद्धा न घेता ती निघाली. पहिलंच घर इंदुताईचं. इंदुताईने ऐकून कपाळावर हात मारला आणि म्हणाली, "मी नाई मारत फवारा. पण एक पाकीट मी जावेले देल्लं न." जावेकडे गेली तर तिने अर्धं पाकीट भावाला दिलेलं. पुढच्या घरी कळलं, समोरच्या मारोतरावांनी मागून नेलं. मारोतराव म्हणजे सुनीलच्या दुकानाची पायरी न चढणारा माणूस. चोरबीटीला आयुष्यात हात लावला नव्हता. ते ओसरीवर बसून म्हणाले, "तुमच्या गटाचं नाव होतं न पोरी त्याच्यावर. म्हनून घेतलं. शेजारच्या दोघातिघाईलेही मीच देवाडलं."

आता तिच्या ध्यानात यायला लागलं की काय होऊन बसलं आहे. कोऱ्या पाकिटाला लोक भीत होते. हिरव्या स्टिकरला भीत नव्हते. तिच्या नावाने बियाणं जिथे एरवी कधीच गेलं नसतं तिथे गेलं होतं, हातोहात, 'रुपालीचं बी' म्हणून. कुणाकुणाच्या वावरात ते पेरलं गेलं, हे तिला तरी कुठे माहीत होतं? एकाला सांगावं तर तो आणखी दोन नावं घेई, आणि त्या दोघांची घरं गावाच्या दोन टोकांना. दिवस कलायला लागला होता. हापशीवर एकजण पंपाची टाकी आतून घासून धूत होता, उद्यासाठी. तिने त्याला सांगितलं, तो म्हणाला, "मायं बियाणं कुठं तुमचं हाय?" मग जरा थांबून म्हणाला, "पाहा लागंल. बायकोनं कुठून आणलतं कोण जाणे."

घरोघरी जाऊन हे पुरायचं नव्हतं. ती ग्रामपंचायतीकडे वळली.

ग्रामपंचायतीचे शिपाई बाबाराव कुलूप लावत होते. गावाच्या भोंग्याचा माइक त्यांच्या ताब्यात, आणि तो त्यांच्या जिवापेक्षा प्यारा.

"कायची सूचना व? नळाची?"

"नाई बाबारावभाऊ. पऱ्हाटीची."

तिच्या तोंडाकडे पाहून बाबारावांनी किल्ली परत फिरवली. कुलूप काढलं, मशीन लावलं. लाल दिवा लागला. रुपाली माइकसमोर उभी राहिली. एकदा बोललं की परत घेता येणार नव्हतं. गटाकडे शाळेतल्या पोषण आहाराचं काम होतं, सहा बायकांची चूल त्यावर चालायची, ते जाणार. बँकेत गटाची पत होती, ती जाणार. पोलीस दारात येणार, धम्मरत्न मान खाली घालून उभा राहणार. आणि न बोलली तर? न बोलली तर कुणाला काहीच कळणार नव्हतं, आठ दिवसांनी सगळं गाव म्हणालं असतं, पाणी लागलं. तेवढं एक पिवळं रान तिच्या डोळ्यांपुढून हलत नव्हतं.

"ऐका," ती म्हणाली. आवाज भोंग्यातून उलटून तिच्याच अंगावर आला. "मी रुपाली बोलून राह्यली. रमाई गटाची. हिरव्या स्टिकरचं जे बी तुमच्या घरी आलं, ते मी आणलतं. ते चोरबीटी नाई. साधं हाय. त्याच्यावर तणनाशक मारसान तं पऱ्हाटी मरंल. तुळसाबाईची मेली. उद्या पंप काढू नका. कोणाले बी देल्लं असंल तं त्याले सांगा, बाहीरगावी असंल तं फोन करा. पऱ्हाटी चांगली हाय, जिती हाय. फक्त निंदा लागंल. गलती मायी हाय. मायी एकटीची."

तिने ते पुन्हा सांगितलं, आणि पुन्हा. ती बाजूला झाली तेव्हा बाबारावांनी सवयीने माइक तोंडाशी ओढला आणि म्हणाले, "हुकुमावरून, ग्रामपंचायत कार्यालय, सावरडोह." मग आपण काय बोललो ते उमगून त्यांनी घाईघाईने मशीन बंद केलं.

सकाळी रुपाली अंगणात कान देऊन उभी होती. हापशीवर पंप भरणाऱ्यांची गर्दी नव्हती. औषधाचा वास नव्हता. थोड्या वेळाने बायका जाताना दिसल्या, हातात खुरपी, डोक्याला फडकी. कुणी तिच्याकडे पाहिलं, कुणी पाहिलं नाही. एकजण तिच्या दारासमोर मुद्दाम मोठ्याने थुंकली. तरी तिला बरं वाटलं. किती दिवसांनी या बायका निंदायला निघाल्या होत्या, आणि या वेळी स्वतःच्या वावरात.

तेवढ्यात फोन वाजला. अनोळखी नंबर.

"रुपालीताई का? शुद्ध व घरगुती?"

आवाज फोनमधूनही येत होता आणि चौकातूनही. तिने मान वळवली. चौकात जीप उभी होती, आणि जीपला टेकून कृषी खात्याचे साहेब उभे होते, एका हातात फोन, दुसऱ्या हातात हिरव्या स्टिकरचं रिकामं पाकीट. तिचं बोलणं कुणीतरी मोबाइलवर घेतलं होतं, आणि रात्रीतून ते तिच्या गावापेक्षा फार लांब जाऊन आलं होतं.

साहेब तरुण होते, बुटांना चिखल लागलेला, चेहऱ्यावर झोप नसल्याचा थकवा. माणूस दुष्ट नव्हता. दुष्ट असता तर गोष्ट सोपी झाली असती. त्यांनी तिला जीपच्या मागे नेलं आणि हळू आवाजात म्हणाले, "ताई, गैरसमजातून बोलले, असं लिहून द्या. ही पाकिटं मी पाहिलीच नाहीत. तुम्हालाही त्रास नको, मलाही वर उत्तरं द्यायला नकोत."

"अन् तुळसाबाईचं काय?"

"त्यांनी चुकून तणनाशक मारलं. होतं असं."

रुपालीला क्षणभर मोह झाला, हे नाकारण्यात अर्थ नाही. सहा बायकांची चूल, धम्मरत्न, सगळं वाचत होतं. पण मग पिवळं रान तुळसाबाईच्याच माथी बसत होतं, आणि ती बाई ते कुणाला न सांगता गिळणार होती, हेही तिला ठाऊक होतं.

"नाई साहेब," ती म्हणाली. "तुमी पंचनामा करा. तिले भरपाई भेटली पाहिजे."

साहेबांनी तिच्याकडे नीट पाहिलं. "पंचनाम्याला तक्रार लागते. पाकीट लागतं. बियाणं कुणी दिलं त्याचं नाव लागतं. कळतंय ना तुम्हाला?"

"कळते."

तुळसाबाई काही ऐकेना. ती विहिरीच्या काठावर बसली होती आणि रुपालीचं बोलणं पुरं व्हायच्या आत मान हलवायची. "मी तुयं नाव नाई घेत. मले नाई पाहिजे भरपाई न बिरपाई."

"मावशी, घे. मायं नाव तं त्याच्यावर छापलेलंच हाय. साऱ्या गावानं काल ऐकलं. मंग तू घेतल्यानं काय जास्त होते? तुयं नुकसान लिहासाठी कोणाचं तरी नाव लागतेच न?"

"अन् तुले नेलं तं?"

"मले न्यायचं तं असंही नेतीन. निदान तुयं तं भरून निघंल. घे व, मायी आन हाय तुले."

तुळसाबाईने शेवटी कनवटीतून घडी घातलेलं पाकीट काढलं. ते तिने जपून ठेवलं होतं, धुऊन, पुन्हा कशात तरी वापरू म्हणून.

साहेब धुऱ्यावर उभे राहून लिहू लागले. पीक, क्षेत्र, फवारणी. मग त्यांनी विचारलं, "बियाणं कुणाकडून घेतलं?"

तुळसाबाईने बारदान्याखालच्या त्या पाच-सात झाडांकडे पाहिलं. "रुपालीनं देल्लं," ती म्हणाली. साहेबांनी लिहिलं, आणि तिच्या अंगठ्याला शाई लावून तो कागदावर टेकवला.

"मले सुनीलनं देल्लं," रुपाली पुढे झाली. "फाट्यावरचा कृषी केंद्रवाला. हेही लिहा."

साहेबांचं पेन थांबलं. "पुरावा?"

"त्याईच्या दुकानातून मी सोता उचललं."

"त्यांच्या दुकानाची तपासणी मागच्याच महिन्यात झाली. सगळं नियमात होतं." हे ते आपल्या बुटांकडे पाहत म्हणाले.

"तपासणी झाली का दुसऱ्याच दिशी तं माल भेटते साहेब."

साहेबांनी ते लिहिलं नाही. पान उलटलं. "बिल?"

"चोरबीटीचं कोणतं बिल?"

"मग भरपाईचा प्रश्न येत नाही, ताई. तालुक्याची तक्रार समिती अधिकृत बियाण्याचीच तक्रार घेते. बिल लागतं, लॉट नंबर लागतो. हे बियाणं कागदावर नाहीच."

"कागदावर नाही, तं माया नावाचा गुन्हा कायचा?"

"विनापरवाना बियाणं विकल्याचा."

ते शांतपणे म्हणाले, आणि त्यात चुकीचं काहीच नव्हतं. गुन्ह्याला पाकीट पुरत होतं. भरपाईला बिल लागत होतं. हे तिला चौकातच विचारता आलं असतं. तिने विचारलं नव्हतं. तिला वाटलं होतं, एकाने गुन्हा कबूल केला की दुसऱ्याचं नुकसान आपोआप मोजलं जातं.

तुळसाबाई एकदा साहेबांकडे, एकदा रुपालीकडे बघत होती. "म्हणजे मले काही भेटत नाई?"

"नाही, आजी."

"अन् हिच्यावर केस होते?"

"होईल."

तुळसाबाई उठली. कमरेचा पदर तिने आणखी घट्ट खोचला. "मंग खोडा ते नाव."

"लिहिलेलं खोडता येत नाही, आजी."

"मीच सांगतलं न? मीच म्हणतो, खोडा. मायी पऱ्हाटी मीनंच जाळली, असं लिहा. मले माप समजलं नाई, असं लिहा. खोडा म्हणतो न मी!"

साहेबांनी कागदाची घडी घातली. पाकीट एका मोठ्या पिशवीत टाकलं, तोंड दोऱ्याने बांधलं आणि त्यावर लाख लावली. पिशवी पारदर्शक होती. आतून हिरवा स्टिकर स्वच्छ वाचता येत होता. "बोलावलं की या, ताई," ते म्हणाले आणि चिखल चुकवत जीपकडे गेले. जीप फाट्याच्या दिशेने वळली.

दोघी धुऱ्यावर तशाच उभ्या राहिल्या. तुळसाबाईने रुपालीचा दंड धरला. "कायले घ्याले लावलं मले तुयं नाव?" ती म्हणाली. "काहून लावलं?"

रुपाली रडली तेवढी.

पुढच्या सकाळी रुपालीच्या स्वतःच्या वावरात गवत पऱ्हाटीच्या वर गेलं होतं. पोलीस कधी दारात येतील म्हणून ती घर सोडायला धजत नव्हती. तरी घरात बसवेना, म्हणून खुरपं घेऊन आली होती आणि एका तासाच्या तोंडाशी नुसतीच बसली होती. शाळेचं काम गेल्याचा निरोप सकाळीच आला होता. चहूकडच्या वावरांत बायका वाकून निंदत होत्या. पाठीमागे पावलं वाजली. तुळसाबाई होती. ती शेजारचा तास धरून बसली आणि गवत उपटायला लागली.

"मावशी, तुयं रान..."

"मायं रान नांगरून तूर टाकीन. वेळ हाय त्याले." तिने हातातली मूठ मागे फेकली. "तू इकडचं पाह्य."

थोडं पुढे गेल्यावर तिने उजवा अंगठा ओल्या मातीत खुपसला, चोळला, पदराला पुसला आणि पाहिला. मग पुन्हा चोळला. शाई काही निघत नव्हती. निंदता निंदता ती दर दोन-चार झाडांमागे तेच करत राहिली.